कारणे द्या (कोणतीही दोन)

खानदेशात मार्च महिना लागला की केळीच्या बागांना पाणी पुरत नाही आणि दहावीच्या मुलांना सनावळ्या पुरून उरतात. माझे माध्यमिक शिक्षण शिरपूर तालुक्यात झाले. आमच्या वर्गात इतिहासाचा तास मधल्या सुट्टीनंतर असे. म्हणजे पोटात कळण्याची भाकरी, डोक्यावर तापलेले पत्रे आणि समोर पानिपत, असा तिहेरी प्रसंग ओढवे. सर धडा मोठ्याने वाचत आणि मधूनमधून ‘येथे खूण करा’ असे बजावत. सहामाहीपर्यंत पुस्तकातले प्रत्येक वाक्य महत्त्वाचे ठरलेले असे, आणि मग खूण नसलेले वाक्य कुठे दिसले तर त्याचीच काळजी वाटू लागे.

सनावळ्या घोकता घोकता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. इतिहासाला ३१ डिसेंबर या तारखेची विलक्षण ओढ आहे. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली ती ३१ डिसेंबर १६०० रोजी. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी. लाहोरला रावीच्या काठी पंडित नेहरूंनी संपूर्ण स्वराज्याचा झेंडा उभारला तो १९२९ सालच्या ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री. आणि ज्यांनी हा सगळा विषय कागदपत्रांच्या पायावर उभा करण्यासाठी आयुष्य वेचले, ते इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले तेही १९२६ सालच्या ३१ डिसेंबरलाच. सरकारी कचेऱ्यांत मार्चअखेर जशी तुंबलेली कामे हातावेगळी केली जातात, तशी या मंडळींनीही वर्ष सरता सरता आपापली कामे उरकलेली दिसतात. हे गुपित मी बाकावरच्या शेजाऱ्याला मोठ्या विश्वासाने सांगितले. त्याने पुढच्याच चाचणीत पानिपतची तिसरी लढाई ३१ डिसेंबरला लढवून टाकली. १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई दोन आठवडे अगोदरच झालेली पाहून सरांनी लाल शाईने शेरा मारला, ‘भाऊसाहेबांना आगाऊ कळवले होते काय?’

‘कारणे द्या’ हा प्रश्न त्या मानाने दयाळू होता. फ्रान्समध्ये १७८९ साली, हिंदुस्थानात १८५७ साली आणि रशियात १९१७ साली जे काही घडले, त्याच्या मुळाशी ‘असंतोष’ होता, हे एकदा कळले की विद्यार्थ्याला फारसे काही कमी पडत नसे. करांचा बोजा, महागाई, राज्यकर्त्यांची बेफिकिरी आणि धुमसणारा असंतोष एवढी सामग्री हाताशी असली, म्हणजे साल पाहून देशाचे नाव तेवढे बदलायचे. वडिलांनी एकदा माझी वही उघडून फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे सावकाश वाचली, त्या वर्षीचा कापसाचा भाव मनातल्या मनात ताडून पाहिला आणि ‘हाई तं आपला गावनंच लिखेल शे’ असे म्हणून वही परत दिली. उत्तर लांबले आणि पुरवणी जोडली गेली की तपासणाऱ्याला दया येते, अशीही आमची एक श्रद्धा होती. तिला पुरावा नव्हता, पण तसा तो आमच्या बऱ्याच उत्तरांनाही नसे.

खरी कुचंबणा निराळीच होती. आमच्या पुस्तकात खानदेश बहुधा वाटेत लागे. उत्तरेकडून निघालेली फौज बुऱ्हाणपूर गाठी, खानदेशातून उतरे आणि जिकडे गुण असतील तिकडे निघून जाई. वास्तविक तापीकाठच्या थाळनेरला फारुकी राजांच्या कबरी आहेत. अकबराने १६०१ साली असिरगड घेईपर्यंत सुमारे दोनशे वर्षे या घराण्याने खानदेशावर राज्य केले. परंतु त्यांच्यावर साधी गाळलेली जागासुद्धा आम्हाला कधी आली नाही. शाळेची सहल थाळनेर सोडून वेरूळला जाई. शाळेच्या गच्चीवरून सातपुड्याच्या रांगा दिसत. त्याच डोंगरांत खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांनी कंपनी सरकारला झुंजवले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीची लढाई दिली. आम्ही मात्र गच्चीवर पाठ फिरवून बसत असू आणि मेरठ, कानपूर, झाशी असा क्रम घोकत असू, कारण सातपुड्याला गुण नव्हते.

याला अपवाद नंदुरबारचा. माझे आजोळ तिथले. ९ सप्टेंबर १९४२ ही तारीख तेथे कोणाला घोकावी लागत नाही. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती त्या दिवशी गोळीबारात गेले; शिरीषकुमार तेव्हा शाळेत जाण्याच्या वयाचा होता. आजी बाजारातून येताना स्मारकापाशी पिशवी खाली ठेवून क्षणभर उभी राहत असे आणि मग भाजी महागल्याची तक्रार पुढे चालू करत असे. माझ्या परीक्षेत ही तारीखही आली नाही, मात्र सगळ्या सनावळीतली तीच एक मी आजवर विसरलेलो नाही.

धुळ्याचा माझा भाचा यंदा दहावीत आहे. त्याच्या पुस्तकात आता इतिहास कसा लिहितात याचाच इतिहास आहे. त्यामुळे घरात जेवताना व्हॉल्टेअर, रांके आणि फुको यांची नावे वरणभाताइतक्या सहजतेने घेतली जातात. मूळ कागदपत्रांवर भर देणारे रांके जर्मनीचे. गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करणाऱ्या राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ मात्र धुळ्यातच आहे, आणि भाचा शिकवणीला रोज त्याच्यावरून सायकल दामटत जातो. एका रविवारी आपण दोघे तेथे जाऊन प्रत्यक्ष जुने कागद पाहू, मोडी अक्षर कसे असते ते पाहू, असे मी उत्साहाने सुचवले. त्याने अपेक्षित प्रश्नसंच चाळला, बोट ठेवून काहीतरी मोजले आणि माझ्याकडे कणव आल्यासारखे पाहिले.

“मामा, राजवाडे एका गुणाला येतात. रांके टीपेत येतो, म्हणजे दोन,” असे समजावून सांगून त्याने रांकेचे पान उघडले.