माकडं अजून माकडंच का? त्या फॉरवर्डला उत्तर

'माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत? मधल्या अवस्थेतला एक तरी प्राणी सापडला का? उत्क्रांती होताना कोणी पाहिली? आणि एवढी गुंतागुंत निव्वळ योगायोगाने होते का?' हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. प्रश्न विचारायला हरकत नाही. पण चारही प्रश्नांची उत्तरं केव्हाच मिळालेली आहेत.

माकडांचं आधी. आजच्या कुठल्याही माकडापासून माणूस झाला, असं जीवशास्त्र म्हणतच नाही. चिंपांझी आणि आपण एकाच पूर्वजाच्या दोन शाखा, साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या. चुलतभाऊ हयात आहे म्हणून आजोबा झालेच नाहीत, असं कोणी म्हणत नाही.

हे नातं तपासताही येतं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशीत ४८ गुणसूत्रं, आपल्यात ४६. मग एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी गळाली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं जुळून एक झालेलं असलं पाहिजे, आणि तसं असेल तर सांध्याची खूण राहायला हवी. गुणसूत्राच्या टोकांना डीएनएची ठरावीक सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. आपल्या क्रमांक २ च्या गुणसूत्रात ही टोकाची अक्षरं चक्क आतल्या भागात आहेत, टोकाला टोक भिडवल्यासारखी. १९९१ साली हा सांधा नेमका सापडला. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एकच सेंट्रोमियर, म्हणजे चिमटल्यासारखा अरुंद भाग असतो; याच्यावर मात्र निकामी झालेल्या दुसऱ्या सेंट्रोमियरचे अवशेषही आहेत.

मधले प्राणी? ढिगाने आहेत. त्यातला टिकटालिक, म्हणजे मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव, मला विशेष आवडतो, कारण तो ठरवून शोधला गेला. चार पायांचे प्राणी येण्याच्या जरा आधीचे, म्हणजे सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचे खडक कुठे उघडे आहेत, हे जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि सहकाऱ्यांनी आधी हेरलं आणि कॅनडाच्या उत्तरेकडचं एल्समीअर बेट गाठलं. २००४ मध्ये तिथे तो मिळाला: अंगावर माशासारखे खवले, पण हलणारी मान, आणि पोहण्याच्या परांच्या आत मनगटासारखी हाडं.

'उत्क्रांती कोणी पाहिली' याला जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांचं उत्तर आहे. १९८८ मध्ये त्यांनी ई. कोलाय जिवाणूंचे बारा वंश बारा फ्लास्कमध्ये वाढवायला घेतले. रोज त्यातला शंभरावा हिस्सा नव्या फ्लास्कमध्ये, आणि दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून जपायचा. द्रावात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) पहिल्यापासून होतं, पण हवेतला ऑक्सिजन असताना हा जिवाणू ते खाऊ शकत नाही. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका फ्लास्कमधले जिवाणू ते खाऊ लागले.

शेवटचा, योगायोगाचा प्रश्नही इथेच सुटतो. जनुकातला बदल आपसूक होतो, त्याला गरज कळत नाही. पण कोणता बदल टिकणार, हे काही नशिबावर नसतं: सायट्रेट खाणारे वाढले, बाकीचे मागे पडले. गोठवलेले नमुने पुन्हा वाढवून पाहिले, तेव्हा सुमारे २०,००० पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतूनच ही क्षमता पुन्हा उगवली. आधी काही तयारीचे बदल साचावे लागले होते. उरलेल्या अकरा फ्लास्कमध्ये सायट्रेट तेवढंच होतं, वेळही तेवढाच मिळाला; तिथे मात्र हे घडलं नाही.