रिकामी खुर्ची मतदानाला ठेवतं कोण?

‘मध्य प्रदेश-छत्तीसगडमध्ये नागरिक सह्या गोळा करून नगराध्यक्षाला परत बोलावतात. पायउतार झाला की भ्रष्टाचार सिद्ध! आपणही थेट नगराध्यक्ष निवडतो, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे सह्या द्या आणि मतदान लावून घ्या.’ या आशयाचा मजकूर गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात एक गोष्ट खरी आहे: त्या दोन राज्यांत असं मतदान होतं. बाकीचं तपासायला हवं.

आधी सह्यांचं बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. मध्य प्रदेशच्या 1961 च्या नगरपालिका कायद्यातलं कलम 47 वाचा. सह्या लागतात हे खरं, पण त्या नागरिकांच्या नव्हेत. निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी किमान तीन चतुर्थांश जणांनी सही केलेला प्रस्ताव कलेक्टरकडे गेला, तरच प्रक्रिया सुरू होते. पंधरा नगरसेवक असतील तर बाराजणांच्या सह्या हव्यात. म्हणजे चौघांनी पेन खिशातच ठेवलं, तर गावातल्या प्रत्येक मतदाराने सही करूनही काही हलत नाही. उलट, गावाची काही तक्रार नसली तरी ठेक्यांवरून बिनसलेले बाराजण गावाला मतदान केंद्रावर उभं करू शकतात. शेवटचा शब्द मतदारांचाच, हे मान्य. पण त्यांना विचारायचं की नाही, हे नगरसेवक ठरवतात. ‘जनतेचा अधिकार’ असं छातीठोकपणे लिहिणाऱ्यांनी नेमकं हेच गाळलंय.

आणि हे कधीही करता येत नाही. निवडून आल्यावर सुरुवातीची काही वर्षं प्रस्तावच आणता येत नाही, आणि एका अध्यक्षाच्या अख्ख्या कार्यकाळात हा प्रयोग एकदाच होतो.

आता ‘भ्रष्टाचार सिद्ध’बद्दल. तिथल्या मतपत्रिकेवर आरोप नसतात, प्रतिस्पर्धी उमेदवारही नसतो. दोन चित्रं असतात: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. (आपल्याकडे दारूबंदीसाठी उभी बाटली-आडवी बाटली असते, तसंच.) मतदान गुप्त. झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त रिकाम्या खुर्चीला पडली की अध्यक्ष घरी. लोकांनी पाण्यासाठी मत दिलं, रस्त्यासाठी, जातीसाठी की कंटाळा आला म्हणून, याची नोंद कुठेही होत नाही. छत्तीसगडमध्ये 2008 साली नवागढ, गुंडरदेही आणि राजपूरचे अध्यक्ष असेच पायउतार झाले. त्या निकालाने त्यांचं पद गेलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तिकडे राजस्थानात बारां जिल्ह्यातल्या मांगरोलला 2012 मध्ये असंच मतदान झालं आणि तिथले अध्यक्ष टिकले. मग ते धुतल्या तांदळासारखे ठरले का? फॉरवर्डवाल्यांचा तर्क लावला तर तसं म्हणावं लागेल.

राहिला महाराष्ट्र. नगराध्यक्ष थेट निवडला म्हणून तो थेट काढताही येतो, हा निष्कर्ष ऐकायला सरळ वाटतो, पण आपल्या 1965 च्या नगरपरिषद कायद्यात मतदारांनी मत देऊन नगराध्यक्षाला परत बोलावण्याची तरतूदच नाही. त्याला हटवण्याचे रस्ते नगरसेवकांकडून किंवा राज्य शासनाकडून जातात. याच्या जवळ जाणारं काही असेल तर ते गावात आहे: थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला, तर तो विशेष ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला जातो. तिथेही सुरुवात सदस्यांचीच, हे लक्षात घ्या.

अशी तरतूद नगरपरिषदांनाही हवी, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमदाराला गाठावं, कारण कायदा विधिमंडळात बदलतो. आणि मागायचीच असेल तर सुरुवातीची सही मतदारांची असावी, ही अट घालून मागावी. सध्या मात्र जिल्हाधिकारी कार्यालयात दिलेला सह्यांचा गठ्ठा निवेदन म्हणून घेतला जाईल, पोच मिळेल. त्यावर मतदान लागणार नाही.