फीबी खिडकीबाहेर नव्हती, मावशी

रविवारी सकाळी पावणेआठला मावशीचा फोन. इतक्या लवकर फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असंच धरून उचलला. तर म्हणे, "अगं, ती फीबी वेडी होती म्हणे? सगळं तिच्या डोक्यातच चाललेलं?"

मावशी बासष्टची. लॉकडाऊनमध्ये सबटायटल्स वाचत वाचत तिने 'फ्रेंड्स' या सहा मित्रमैत्रिणींच्या अमेरिकन मालिकेचे दहाही सीझन संपवले. त्या सहांतली फीबी तिची लाडकी. तिच्या भिशीच्या ग्रुपवर 'फ्रेंड्सचं काळं सत्य' असा फॉरवर्ड आला होता. मुद्दे असे: फीबी ही नशेत बुडालेली, रस्त्यावरची बाई, कॉफीहाउसच्या खिडकीतून आतल्या पाचजणांना (रॉस, त्याची बहीण मोनिका, रेचेल, चॅंडलर, जोई) बघत तिने त्यांची मैत्री मनातच रचली. पुरावा काय, तर रॉस तीन सीझन २९ वर्षांचाच आहे आणि दारावरचे नंबर बदलतात. स्वप्नात असंच होतं ना! शिवाय मोनिकाला न्यूयॉर्कमधलं ते मोठं घर परवडणं अशक्य, आणि मालिकेतलं हसणं सगळं मशीनचं.

घरापासून सुरू करते, कारण ते मावशीने पुढे पाठवावं याचंच मला हसू येतं. मावशी गिरगावात राहते. तिच्या दोन खोल्यांची भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावाने फाटते, आणि सासरे जाऊन वीस वर्षं झाली. मोनिकाचं अगदी हेच आहे! घर आजीच्या नावावर, भाडं भाडेनियंत्रणातलं. चौथ्या सीझनमध्ये इमारतीचा देखभालवाला ट्रीगर चिडतो आणि 'मालकाला सांगून बाहेर काढीन' म्हणतो. मग त्याचा राग घालवायला जोईला त्याच्याबरोबर बॉलरूम डान्सचा सराव करावा लागतो. अख्खा भाग आहे यावर. शेवटच्या भागात चॅंडलरही म्हणतो, भाडेनियंत्रणामुळे घर कवडीमोलाने पडलं. आता मोनिका तिथे राहते ते कायद्याला धरून नाही, हे मान्य. पण परवडत कसं होतं, हा प्रश्न पागडीच्या खोलीत बसून विचारायचा?

हशाचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. संकलनात हशा कमीजास्त करतात, आणि बाहेर शूट झालेल्या प्रसंगांना समोर प्रेक्षक नसतात. पण मालिका बरबँकला वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत प्रेक्षकांपुढेच व्हायची. १९९८ चा लंडनचा भाग आठवा. चॅंडलरच्या शेजारी पांघरुणातून मोनिका डोकं बाहेर काढते तेव्हा तिथले प्रेक्षक इतके ओरडले की लेखकांनी थोडक्यात आटपायचं ठरवलेलं ते प्रकरण थेट लग्नापर्यंत नेलं. मशीन ओरडलं म्हणून कुणी कथानक बदलत नाही.

आता रॉस. हो, गोंधळ आहे, आणि आम्ही चाहते तो वर्षानुवर्षं चघळतोय. पहिल्या सीझनमध्ये २० ऑक्टोबरला मित्र त्याला वाढदिवसाची भेट म्हणून हॉकीच्या मॅचला नेतात, तर तो म्हणतो, माझा वाढदिवस सात महिन्यांपूर्वीच झाला. म्हणजे मार्च. चौथ्यात तो 'माझा डिसेंबरात' असं सांगायला जातो आणि कॉफीहाउसमधला गुंथर त्याला तिथेच उडवून लावतो. पुढे नवव्यात १८ ऑक्टोबर. मोनिकाच्या दारावर आधी ५ होता, नंतर २० झाला, कारण बाल्कनीतून दिसणारा देखावा वरच्या मजल्यावरचा होता. समोरच्या, चॅंडलर-जोईच्या दारावरचा ४ त्यामुळे १९ झाला. रेचेल आणि चॅंडलर तर पहिल्या भागात अनोळखी, आणि नंतरच्या फ्लॅशबॅकांत १९८७ पासूनचे ओळखीचे.

दहा वर्षं, २३६ भाग, लेखकांची मोठी फौज, आणि प्रत्येकाला त्या आठवड्याचा विनोद साधायचा. जुना भाग लावून पॉज करत बसणारे आपण नंतर आलो. यात स्वप्न कुठून आलं?

आणि आता खिडकी. ही कल्पना २०१५ च्या सुमारास ट्विटरवर फिरली, तेव्हापासून दरवर्षी कुणाला तरी नव्याने सुचते. तिला खोडायला एकच गोष्ट पुरे आहे. फीबीची जुळी बहीण अर्सुला. ही अर्सुला 'फ्रेंड्स'मध्ये जन्मलीच नाही. 'मॅड अबाउट यू' नावाची वेगळी मालिका १९९२ पासून चालू होती, त्यात लिसा कुड्रो, म्हणजे पुढे फीबी झालेली नटी, वेंधळ्या वेट्रेसचं काम करायची. तीच अर्सुला. 'फ्रेंड्स' आली सप्टेंबर १९९४ मध्ये. दोन्ही मालिका एनबीसी या एकाच वाहिनीवर आणि चेहरा एकच, म्हणून लेखकांनी जुळ्या बहिणी करून टाकल्या. पुढे पहिल्याच सीझनमध्ये त्या दुसऱ्या मालिकेतल्या दोन बायका सेंट्रल पर्कमध्ये, म्हणजे त्याच कॉफीहाउसमध्ये, येतात आणि फीबीला अर्सुला समजून ऑर्डर द्यायला बघतात. म्हणजे फीबीने आपली बहीण स्वतःचा जन्म व्हायच्या आधीच, दुसऱ्याच्या मालिकेत कल्पून ठेवली होती? धन्य.

पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला. या फॉरवर्डचा गाभा काय, तर रस्त्यावर राहिलेल्या मुलीला असे मित्र मिळणं शक्यच नाही, म्हणून ते खोटे असणार. आणि तळाशी डोळे पुसणारी इमोजी. मालिका यातलं काही लपवत नाही. पहिल्याच भागात फीबी रेचेलला सांगते, मी चौदाची असताना या शहरात आले, आईने जीव दिला होता, सावत्र बाप पुन्हा तुरुंगात, कुणाची ओळख नाही. आणि हे कशासाठी सांगते? लग्नातून पळून आलेल्या रेचेलला धीर द्यायला. काचेबाहेरून बघणारी ही नव्हे. रेचेल यायच्या आधी मोनिकाबरोबर त्या जांभळ्या घरात राहत होती ती फीबीच, आणि मोनिकाच्या साफसफाईला कंटाळून तिला न सांगता गुपचूप आजीकडे निघून गेली तीही फीबीच!

मावशीला मी सातव्या सीझनची सायकल आठवून दिली. लहानपणी समोरच्या मुलीकडे झिरमिळ्यांची गुलाबी सायकल होती. फीबीने एक चक्कर मागितली, तर त्या मुलीने तिला सायकलचा रिकामा खोका दिला. हे ऐकून रॉस तशीच सायकल आणतो. फीबी हरखते, पण रस्त्यावर ती हाताने ढकलतच नेताना दिसते, कारण चालवायला कुणी शिकवलंच नव्हतं. मग शिकवणी, आरडाओरडा, रुसवा, आणि शेवटी मागे आधाराची दोन छोटी चाकं लावून बाई निघाल्या एकदाच्या.

"ते आठवतंय गं," मावशी म्हणाली. मग जरा थांबून, "ग्रुपवर काय लिहू?"

"अर्सुलाचं लिही. आणि भाडेपावतीचा फोटो टाक."

"पावती नको. मालक आहे ग्रुपवर. बरं, पण रॉसचा वाढदिवस नक्की कधी मग?"

"ऑक्टोबर धर," म्हटलं. "सगळ्यात शेवटी तेच सांगितलंय."