सोनं कसलं काढताय, आधी चिपवरचा नंबर वाचा

"जुन्या कॉम्प्युटरचे पार्ट आता मिळत नाहीत, माहिती कंपन्यांनी नष्ट केली, भंगारात देण्याआधी ऍसिडने सोनं काढून घ्या आणि काढण्याआधी एकदा प्लग लावून चालू होतो का बघा." हे फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या मामांपर्यंत पोचलं आणि त्यांनी मला विचारलं, नायट्रिक ऍसिड कुठे मिळेल रे? आता गप्प बसवत नाही.

सोन्याचंच आधी घेतो, कारण जीव जायची भीती त्यातच जास्त. प्रोसेसरच्या पिनांवर, कनेक्टरवर असतो तो नुसता मुलामा, मायक्रॉनमध्ये मोजायचा. खालचं तांबं नायट्रिक ऍसिडमध्ये गेलं की तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड, आणि तो हुंगला तर आधी जरासा खोकला येतो, माणसाला वाटतं काही झालं नाही, आणि फुप्फुसात पाणी भरायला लागतं ते काही तासांनी. त्यावर फॉरवर्डमध्ये सूचना काय, तर "खिडकी उघडी ठेवा". धन्य! हातात येणार चिमूटभर गाळ, आणि दुसरा कुणीतरी रिपेअरसाठी जी चिप शोधत बसलाय ती विरघळून गेलेली. पार्ट मिळत नाहीत म्हणून बोंबलायचं आणि आहेत ते असे ऍसिडात बुडवायचे!

माहिती नष्ट केली म्हणे. कोणी? १९८१ च्या आयबीएम ५१५० या पीसीचं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल उघडा, सगळे सर्किट डायग्राम आहेत, वर बायॉसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं, अख्खं लिस्टिंग छापलंय, खुद्द कंपनीने. बिटसेव्हर्स या वेबसाइटवर अशी स्कॅन केलेली मॅन्युअलं ढिगाने पडलीत. आता सगळ्याच कंपन्या एवढ्या उदार नव्हत्या, बिननावाच्या क्लोन, म्हणजे नकल केलेल्या, बोर्डांसोबत जम्परचा (पिना जोडून सेटिंग करायच्या टोप्यांचा) एक कागद आला तरी नशीब, पण तसल्या सेटिंगसाठीही टोटल हार्डवेअर ९९ नावाचा संग्रह आहे.

पार्टचं म्हणाल तर लोक मशीनचं नाव टाकून शोधतात आणि हात हलवत परत येतात. चिपवरचा नंबर टाका ना! तोही बघून, ७४एलएस०४ हा पार्ट आणि खाली ८४३२ असेल तर ती तारीख, १९८४ चा ३२ वा आठवडा. ७४ सिरीजच्या चिपा आजही बनतात. ६५सी०२ ही प्रोसेसर चिप पण नवी मिळते, फक्त पिन १ चं काम बदललंय, त्यामुळे जुन्या ६५०२ च्या जागी डोळे झाकून खोचू नका. बरं, एवढं मान्य की झायलॉगने मूळ झेड८० प्रोसेसरच्या ऑर्डर २०२४ मध्ये बंद केल्या आणि कमोडोर कॉम्प्युटरची आवाजाची सिड चिप कधीचीच बनत नाही. पण म्हणून काहीच मिळत नाही? सिडच्या जागी बसणारे नवे पर्याय लोकांनी बनवलेत की.

आणि प्लग थेट लावायचा नाही. कमोडोर ६४ चा जुना सप्लाय बिघडला की ५ व्होल्टच्या जागी जास्त सोडतो आणि रॅम जाते. सप्लाय आधी मीटरने मोजा. ३८६-४८६ प्रोसेसरच्या जुन्या बोर्डावर नळकांड्यासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर ती आधी कापून काढा, बोर्ड चालण्यासारखा असो वा बिघडलेला, आणि गळून हिरवट झालं असेल तिथे व्हिनेगर लावून पुसा.