अर्जाचे 50 रुपये : एक स्टारच्या रिव्ह्यूला सेंटरकडून उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या फॉर्म-टाईपिंगच्या सेंटरला तुम्ही दिलेला रिव्ह्यू परवा रात्री शटर ओढताना मुलीनं मोबाईलवर दाखवला, तेव्हापासून डोक्यातून जाईना म्हणून लिहायलेय. तुम्ही म्हणता बँकेनं स्कॉलरशिपच्या खात्यातून 619 रुपये 50 पैसे कापले त्यातले 472च परत आले, तीन आठवडे लागले, आरबीआयकडं तक्रार फुकट होते तरी सेंटरनं बँकेला द्यायच्या अर्जाचे 50 रुपये घेऊन विद्यार्थ्याला लुटलं, आणि मॅडम वडिलांसमोर मोठ्यानं बोलल्या.

शेवटचं खरंय. आवाज चढला माझा. त्या दिवशी लाईट जाऊन येऊन करत होती, स्कॉलरशिपची महाडीबीटी साईट उघडंना, दारात पंधरा पोरं उभी, पण तुमचे वडील औशाकडून उन्हात आलेले, त्यांच्यासमोर तसं बोलायला नको होतं. त्याची मनापासून माफी मागते.

पण लूट हा शब्द लागला दादा. 50 रुपयांचा हिशोब सांगते. तुम्ही पासबुक घेऊन आलात तेव्हा दीड वर्ष एन्ट्रीच मारलेली नव्हती, आधी मीच तुम्हाला बँकेत पाठवलं की छापून आणा, त्याशिवाय भांडायचं कशावर. छापून आणलं तर शाई इतकी फिकट की उणेचं चिन्ह दिसंना, मी टेबल लॅम्पखाली धरून एकेक ओळ वाचली. खात्यात 96 रुपये होते, मिनिमम बॅलन्सचा चार्ज 100 आणि 18 जीएसटी असे 118 कापले, खातं उणे 22 वर गेलं, मग असे अजून तीनदा 118, वर एटीएम कार्डाचे वर्षाचे 125 अधिक जीएसटी मिळून 147.50, असं करत खातं उणे 523.50 वर गेलं आणि स्कॉलरशिप जमा झाली त्या दिवशी तेवढे पहिले गिळले. हे सगळं जुळवायला मला अर्धा तास लागला. मग दोन पानी अर्ज मराठीत टाईप केला, त्यात आरबीआयचं 20 नोव्हेंबर 2014 चं परिपत्रक टाकलं, 1 एप्रिल 2015 पासून लागू असलेलं, की नुसत्या मिनिमम बॅलन्सच्या चार्जमुळं बचत खातं उण्यात जाता कामा नये आणि चार्ज लावायच्या आधी ग्राहकाला कळवून एक महिना मुदत द्यायची. तुमच्या खात्याला मोबाईल नंबर दहावीतला, बंद पडलेला, कुणाला कळवलं असंल ते बँकेलाच माहीत, तेही अर्जात लिहिलं. अर्जाच्या दोन प्रती, एक बँकेला आणि एक तुमच्या पोचसाठी, पासबुकाच्या पानांची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, सगळं स्कॅन करून तुमच्या व्हॉट्सअॅपवर टाकलं. याचे 50. ट्युशन एरियात नुसत्या टाईपिंगचे काय घेतात ते विचारून बघा.

आरबीआयची तक्रार फुकट असते हे मी लपवलं म्हणता, मीच तर पावतीच्या मागं निळ्या पेननं आरबीआयचा तक्रारीचा 14448 नंबर लिहून दिला आणि म्हणले की आधी शाखेत अर्ज द्या, बँकेनं 30 दिवसात ऐकलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तरच आरबीआयच्या लोकपालाकडं, म्हणजे बँकेविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जायचं, त्याला एक रुपया लागत नाही, इथं येऊन केलं तरी मी घेणार नाही. थेट लोकपालाकडं गेलं असतं तर आधी बँकेकडं जा म्हणून परत आलं असतं. तुमचे पैसे 19 व्या दिवशी आले आणि अर्ज तुम्ही माझ्याकडून नेल्यावर आठवड्यानं शाखेत दिलात, पोचवरच्या शिक्क्याची तारीख बघा, तेही माझ्याच खात्यावर धरलंत.

राहिले 147.50. ते मी मागितलेच नव्हते, तुम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. परिपत्रक मिनिमम बॅलन्सचं आहे, कार्डाची फी वेगळी, कार्ड घेताना फॉर्मवर सही तुमची आहे. जे नियमात बसत नाही ते अर्जात घातलं की साहेब सगळा अर्जच बाजूला टाकतात, हे मी इथं बसून बघितलंय. चारही 118 परत आले ना, 472. वडील पेढे घेऊन येतो म्हणले होते फोनवर, मी नको म्हणले, आणि पुढच्या आठवड्यात एक स्टार.

हे सेंटर मी आणि माझे मिस्टर दोघं चालवतो, भाड्याची जागा आहे, बाहेरगावची माणसं नाव बघून, रिव्ह्यू वाचूनच येतात, कालपासून दोघांनी फोन करून विचारलंय की तुमच्याकडं जास्तीचे पैसे घेतात का म्हणून. आठ वर्षात हे कुणी विचारलं नव्हतं.

दरपत्रक भिंतीला लावायचं आहेच, गर्दीत बोलण्याचंही बघू, मिस्टरांना सांगितलंय.

आणि एक काम तुमचं अर्धं राहिलंय. तुमचं खातं मूलभूत बचत खात्यात, म्हणजे मिनिमम बॅलन्स लागत नाही त्यात, बदलून घ्या म्हणून अर्जाच्या शेवटी मी ओळ टाकली होती, बँकेनं त्याचं काही केलेलं दिसत नाही. त्या खात्याला एटीएम कार्डाची वर्षाची फी नसते, फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. पुढचे 147.50 कापायच्या आत करून घ्या, आणि मोबाईल नंबरही बदला. अर्ज माझ्या कॉम्प्युटरला सेव्ह आहे, प्रिंट काढून देते, पैसे नकोत. तुमच्या आधारची झेरॉक्सही ड्रॉवरमध्ये राहिलीय, ती घेऊन जा. दुपारी दोन ते चार गर्दी नसते.