“एक परीक्षा दिली की परदेशात नर्स”: या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासू या

नर्सेसच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: “परदेशात नर्स होणं आता एकदम सोपं. फक्त एक परीक्षा पास करा. अनुभव असेल तर परीक्षाही नावालाच. कागदपत्रं म्हणजे फॉर्मॅलिटी. शिक्षण इंग्रजीत झालं असेल तर भाषेची काळजी नको. एकदा लायसन्स हातात आलं की जगात कुठेही नोकरी. बाकी सगळं एजंट बघतो. सहा महिन्यांत विमानात!”

मी या वाटेने गेले आहे. ब्रिटनमध्ये माझी नोंदणी झाली, आणि आता मागून येणारे कुणी ना कुणी आपली फाइल घेऊन माझ्याकडे येतात. त्यातले काही जण हा मेसेज वाचून आधी राजीनामा देऊन बसलेले असतात. त्यांच्याकडे बघून जीव तुटतो. म्हणून मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन लिहिते.

“फक्त एक परीक्षा पास करा”

कुठली परीक्षा? अमेरिकेत एनक्लेक्स-आरएन, म्हणजे नर्सच्या लायसन्ससाठीची संगणकावरची परीक्षा. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांतही तीच. ऑस्ट्रेलियाने २०२० पासून परदेशात शिकलेल्या बहुतेक नर्सेससाठी तीच घेतली, पण तिथे तिच्यानंतर प्रात्यक्षिक परीक्षाही असते. ब्रिटनमध्ये आधी संगणकावरची सीबीटी, मग ओस्की, म्हणजे परीक्षकासमोर काम करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा. आयर्लंडमध्ये नर्सिंग बोर्ड आधी तुमचं शिक्षण तपासतं आणि निर्णयाचं पत्र देतं. मग ६ ते १२ आठवडे हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली काम करायचं किंवा ॲप्टिट्यूड टेस्ट द्यायची. जर्मनीत सुरुवात सहसा परीक्षेने होत नाही. तिथलं सरकारी कार्यालय तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून पाहतं, काय कमी आहे ते लेखी कळवतं, आणि ती तूट परीक्षेने भरून काढायची की प्रशिक्षणाने, हे तुम्हाला ठरवायचं असतं. म्हणजे “एक परीक्षा” हा शब्दप्रयोगच देश ठरवल्याशिवाय निरर्थक आहे.

बरं, एनक्लेक्सच घेऊ. “हे दोन हजार प्रश्न पाठ करा, यातलेच येतात” असंही याच मेसेजला जोडून येतं. ही परीक्षा प्रत्येकाला वेगळी येते. तुम्ही दिलेल्या उत्तरावरून पुढचा प्रश्न किती अवघड द्यायचा ते संगणक ठरवतो. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ ५ तास, आणि तुमच्या क्षमतेबद्दल पुरेशी खात्री झाली की संगणक मध्येच थांबतो. एप्रिल २०२३ पासून त्यात केस स्टडी आल्या आहेत: एकाच रुग्णाच्या नोंदी हळूहळू उलगडत जातात आणि आता काय काळजीचं आहे, आधी काय कराल, केल्यावर काय पाहाल असं विचारलं जातं. पाठ केलेलं उत्तर तिथे उपयोगी पडत नाही. शिवाय प्रश्न बाहेर सांगणार नाही अशी हमी प्रत्येक उमेदवाराने दिलेली असते, त्यामुळे “खरे प्रश्न” विकत घेणारा स्वतःचा निकालच धोक्यात घालतो.

आता ओस्की. ब्रिटनच्या ओस्कीत १० स्टेशनं, म्हणजे एकेक काम करून दाखवायचे टप्पे, असतात. त्यातली ४ एकाच रुग्णाभोवतीची: तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. अंमलबजावणी म्हणजे बहुतेक वेळा औषधं देणं. सरावात मी नेमकी इथेच घसरले. रुग्ण म्हणून बसलेली बाई डोकं दुखतंय म्हणत होती, चार्टवर पॅरासिटामॉल १ ग्रॅम लिहिलेलं होतं. मी हात स्वच्छ केले, नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिली, ॲलर्जी विचारली, गोळ्यांची एक्स्पायरी पाहिली आणि गोळ्या दिल्या. शिकवणाऱ्या सिस्टरने काही न बोलता चार्टवर बोट ठेवलं. आधीचा डोस १० वाजता गेला होता, आणि त्या स्टेशनवरची वेळ होती १२. दोन डोसांत किमान ४ तास हवेत. म्हणजे गोळी न देणं, का देत नाही ते रुग्णाला नीट सांगणं आणि चार्टवर कारण लिहिणं, हे बरोबर उत्तर होतं. गोळी देऊन मी मोकळी झाले होते!

दुसरी गोष्ट मला त्याच दिवशी कळली. मनातल्या मनात तपासलेलं परीक्षकाला दिसत नाही. एक्स्पायरी पाहिली तर “एक्स्पायरी पाहते आहे, तारीख अमुक” असं मोठ्याने म्हणावं लागतं. वर्षानुवर्षं आपण हे सगळं हातांच्या सवयीने, मुकाट्याने करत आलेलो असतो.

“अनुभव असेल तर परीक्षा नावालाच”

बारा-पंधरा वर्षं आयसीयूत काढलेल्या सिस्टरला परत परीक्षेला बसायचं म्हणजे जिव्हारी लागतं. या दुखण्यात तथ्य आहे, आणि त्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण अनुभव असला की परीक्षा सोपी जाते, असं माझ्या पाहण्यात नाही. कधी कधी उलटंच होतं, कारण जबाबदारीची रेघ प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी असते.

एक उदाहरण देते. ब्रिटनच्या वॉर्डांत न्यूज-२ नावाची गुणपद्धत वापरतात. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप अशा मोजमापांना गुण देऊन बेरीज करायची. बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टरांना बोलवायचं, ७ किंवा जास्त झाली की आपत्कालीन पातळीवर हलायचं. बोलवायचं कुणी? नर्सने, स्वतःहून. आणि फोनवर ठरलेल्या क्रमाने सांगायचं: आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, मला काय हवंय. माझ्यासोबत तयारी करणाऱ्या अतिशय कसलेल्या सिस्टर पहिली दोन वाक्यं झरझर म्हणायच्या आणि तिसऱ्याला अडखळायच्या. “मला काय वाटतं” हे त्यांना इतक्या वर्षांत वॉर्डात कुणी विचारलेलंच नव्हतं. ज्ञान होतं, ते मोठ्याने मांडायची सवय नव्हती. ही सवय लागायला आठवडे जातात.

मेसेजमध्ये आणखी एक गोष्ट कुणी लिहीत नाही. नोंदणी पूर्ण होईपर्यंत तुम्ही तिथे नर्स नसता. जर्मनीत २०२० साली लागू झालेल्या परिचर्या कायद्याने रुग्णाच्या परिचर्येची गरज ठरवणं, ती आखणं आणि तिच्या दर्जाची जबाबदारी घेणं ही कामं फक्त मान्यताप्राप्त नर्ससाठी राखून ठेवली आहेत. मान्यता येईपर्यंत मदतनीस म्हणून काम करायचं, मदतनिसाच्या पगारावर. हे काम हलकं नाही, पण व्हेंटिलेटर सांभाळलेल्या हातांना ते महिनोन्महिने करावं लागणार आहे हे आधी माहीत असायला हवं. तिथे पोचल्यावर कळलं तर माणूस मोडून जातो.

“कागदपत्रं म्हणजे फॉर्मॅलिटी”

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती इथे. परीक्षेत नापास झालं तर पुन्हा देता येते. फाइल अडली तर परीक्षेपर्यंत पोचताच येत नाही.

मला एका मैत्रिणीची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शिक्षणाचा विषयवार तपशील देणारा कॉलेजचा कागद, आठवते. तिला अमेरिकेत जायचं होतं. तिथे शिक्षणाचं मूल्यांकन करताना प्रौढ, बालक, प्रसूती आणि मानसोपचार या विभागांत थिअरीचे तास किती आणि प्रत्यक्ष वॉर्डातले तास किती, हे वेगवेगळं पाहतात. तिच्या कागदावर मानसोपचारासमोर थिअरीचे तास होते. शेजारचा प्रात्यक्षिकाचा रकाना कोरा. ती पोस्टिंग तिने केलेली होती, रजिस्टरमध्ये सह्याही होत्या, पण ट्रान्सक्रिप्ट टाइप करणाऱ्या क्लार्कने तो आकडा दुसऱ्या विषयाच्या एकत्रित तासांत मिळवून टाकला होता. एका कोऱ्या चौकोनासाठी तिला कॉलेजकडे अर्ज, जुनी रजिस्टरं शोधणं, नवी ट्रान्सक्रिप्ट, परत सही-शिक्का असं सगळं करावं लागलं. तोवर तिच्या भाषेच्या परीक्षेच्या निकालाची मुदत संपत आली. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल साधारण २ वर्षंच धरतात. सहा महिन्यांचं गणित असं कोसळतं. म्हणून ट्रान्सक्रिप्ट हातात आली की आधी प्रत्येक रकाना वाचा, आणि भाषेची परीक्षा फाइल मार्गी लागल्यावर द्या.

लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, पासपोर्टवर आडनाव आधी आणि गुणपत्रिकेवर शेवटी, एका अक्षराचा फरक, यांनीही फाइल थांबते. तुमच्या हातातली मूळ प्रत, अगदी साक्षांकित केलेली असली तरी, बऱ्याच ठिकाणी पुरत नाही. कॉलेजने आणि तुमची नोंदणी असलेल्या नर्सिंग कौन्सिलने थेट तपासणाऱ्या संस्थेला कळवायचं असतं. आखाती देशांत डेटाफ्लो या कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीमार्फत पडताळणी होते तीही याच तत्त्वावर, म्हणजे कागद जिथून निघाला तिथेच विचारायचं.

इतकी खातरजमा का, याचं उत्तर अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात आहे. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूलमधून सुमारे ७,६०० खोट्या पदविका आणि ट्रान्सक्रिप्ट विकल्या गेल्याचा आरोप ठेवून २५ जणांवर कारवाई झाली. तपास यंत्रणांनी सांगितलं की त्या विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण एनक्लेक्स पासही झाले होते. नीट पाहा: शिक्षण न घेता परीक्षा पास झालेली ही माणसं. “फक्त परीक्षा पास करा” या वाक्याचा फोलपणा याहून स्पष्ट काय असेल? रुग्णाला टोचलेली सुई परत घेता येत नाही. म्हणून वॉर्डात घालवलेले तास मोजायचे असतात.

त्याच वर्षी ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला नायजेरियातल्या इबादान शहरातल्या एका केंद्रावरच्या सीबीटीच्या निकालांत गडबड आढळली आणि तिथून परीक्षा दिलेल्यांना ती पुन्हा द्यायला सांगितलं गेलं. त्यात प्रामाणिकपणे अभ्यास केलेलेही होते. दुसऱ्यांच्या शॉर्टकटची झळ त्यांना बसली, याचं मला आजही वाईट वाटतं.

“शिक्षण इंग्रजीत झालं असेल तर भाषेची काळजी नको”

ब्रिटनमध्ये माध्यम इंग्रजी होतं एवढ्यावर भागत नाही. आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात, किंवा ओईटी या आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत त्या तोडीची श्रेणी. जर्मनीत बी-२, म्हणजे मध्यमाच्या वरच्या, पातळीचं जर्मन लागतं, तिथे इंग्रजी माध्यमाचा प्रश्नच येत नाही.

आणि गुण मिळाल्यावरही भाषा संपत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका ड्यूटीत एक वयस्कर आजी मला म्हणाल्या, “आय नीड टू स्पेंड अ पेनी.” मी त्यांची पर्स शोधायला कपाट उघडलं. त्यांना लघवीला जायचं होतं. त्या घाईत होत्या, कंबरेचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि मी आणखी मिनिटभर पर्स शोधत बसले असते तर त्या एकट्या उठायला गेल्या असत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी सांगितलं म्हणून बरं.

“लायसन्स हातात आलं की जगात कुठेही”

नाही. अमेरिकेतसुद्धा लायसन्स राज्याचं असतं. बरीच राज्यं एका करारात आहेत आणि करारातल्या राज्यात राहणाऱ्या नर्सला तिथलं लायसन्स इतर करारातल्या राज्यांत चालतं, पण कॅलिफोर्निया त्यात नाही. युरोपीय संघात नर्सच्या पात्रतेला आपोआप मान्यता मिळते ती संघातल्या देशांत ठरलेल्या निकषांनी, किमान ३ वर्षं आणि ४,६०० तास, झालेल्या शिक्षणाला. बाहेर शिकलेल्यांना नाही. एका देशातल्या कामाचा दुसरीकडे उपयोग होतो हे मात्र खरं आहे. एप्रिल २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर अशा काही ठिकाणी नोंदणी असून किमान १,८०० तास काम केलेल्या नर्सेससाठी वाट सोपी केली. पण तिथेही अर्ज नव्याने करावाच लागतो.

“बाकी सगळं एजंट बघतो”

चांगले एजंट असतात, माझ्या ओळखीच्या काहींना त्यांची खरंच मदत झाली. पण काही गोष्टी नर्सला माहीत असायला हव्यात. ब्रिटनच्या आचारसंहितेनुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घ्यायची नाही. जर्मनीत न्याय्य भरतीचं जे सरकारी मानचिन्ह आहे, तेही भरतीचा खर्च मालकाने करावा याच तत्त्वावर उभं आहे. म्हणजे या दोन देशांसाठी कुणी “प्लेसमेंट चार्ज” मागितला तर तिथेच थांबायचं. करारात मध्येच नोकरी सोडली तर किती रक्कम परत द्यावी लागेल तेही सही करण्याआधी वाचायचं.

आणि एक अगदी साधी गोष्ट. गेल्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे आली. तिचा एजंटशी वाद झाला होता आणि तिला पुढचं काम स्वतः करायचं होतं. कौन्सिलच्या वेबसाइटवर तिचं खातं होतं, फी तिनेच भरलेली होती, पण खात्याला जोडलेला ई-मेल एजंटच्या ऑफिसचा होता. पासवर्ड बदलायचा कोड तिकडे जायचा. कौन्सिलने आणखी एक कागद मागितल्याचं पत्रही तिकडेच गेलं होतं, आणि त्याची मुदत टळून गेल्यावर तिला कळलं. ओळख पटवून ते खातं स्वतःकडे घ्यायला तिला कौन्सिलशी कितीतरी पत्रव्यवहार करावा लागला. एजंटला भेटण्याआधी तुमचं खातं तुमच्या ई-मेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर, स्वतः बसून उघडा. त्याला अर्धा तास लागतो.