मेंढा बघून लेकींचा हंगाम ठरत नाही

सिन्नर-येवल्याकडच्या मेंढपाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "मोठ्या अंडकोषाचा मेंढा घ्या, त्याच्या सगळ्या लेकी बारा महिने माजावर येतील, वर्षाला दोनदा वितील." (माजावर येणं म्हणजे मेंढी फळायला, गाभण राहायला तयार होणं.) हे वाचून कुणी कर्ज काढून मेंढा घेऊ नये, म्हणून लिहितोय.

अंडकोषाचं म्हणणं अगदीच निराधार नाही. थंड देशांत दिवस मोठा होत गेला की मेंढ्याचे अंडकोष लहान होतात, दिवस आखूड व्हायला लागला की पुन्हा भरतात. तिथे मोठ्या दिवसांतही अंडकोष भरलेले राहिले, तर तो मेंढा हंगामाला कमी बांधलेला आहे याची ती खूण ठरू शकते. पण लंडनला उन्हाळ्यात साडेसोळा तासांचा दिवस आणि हिवाळ्यात आठ तासांचाही नाही. नाशकात मात्र जेमतेम सव्वातेरा ते अकरा तास. म्हणून आपली दख्खनी मेंढी दिवसाच्या लांबीपेक्षा चाऱ्यावर चालते. पाऊस पडून कोवळं गवत पोटात गेलं की माजावर येते.

आता "सगळ्या लेकी". लेकीत बापाचा वाटा निम्मा. त्यातही आडहंगामात गाभण राहण्यातला फरक रक्तातून फार थोडा येतो, बहुतेक मोजमापांत एक दशांशाच्या आसपास. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने डॉर्सेट, रॅम्बुलेट आणि फिनशीप या जातींच्या संकरातून आडहंगामी विणारा कळप निवडत नेला, त्यालाही कित्येक वर्षं लागली. एका मेंढ्यात ते होत नाही.

"आम्ही करून पाहिलंय, नवा मेंढा आणला आणि महिन्याभरात मेंढ्या माजावर आल्या!" असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण त्या मेंढ्या त्याच्या लेकी नव्हत्याच, लेकी अजून जन्मायच्या होत्या! महिनाभर नराचा वासही न लागलेल्या मेंढ्यांत अचानक मेंढा सोडला की थांबलेला माज त्याच्या वासाने सुरू होतो आणि साधारण अडीच-तीन आठवड्यांत बऱ्याच जणी माजावर येतात. हा वासाचा गुण झाला, रक्ताचा नाही. घरचाच मेंढा महिनाभर दूर ठेवून सोडला तरी असा फायदा मिळू शकतो, तोही फुकट.

"वर्षाला दोनदा" तर बोटांवर मोजा. गाभणकाळ पाच महिने, दोन वेतांचे ३०० दिवस गेले. उरले ६५, म्हणजे वेतामागे ३२. तेवढ्यात गर्भाशय सावरायचं, कोकरू पाजायचं आणि पुन्हा फळायचं. दोन वर्षांत तीन वेतं साधली तरी ते उत्तम पालन आहे.

मेंढा निवडायचाच तर त्याची आई आणि बहिणी कोणत्या महिन्यात व्याल्या ते विचारा. सिन्नरजवळच्या एका वाड्यावरच्या आजींना कागद लागत नाही. काठी रोखून त्या मला सांगत होत्या, "ती भुरी बघ, हिची आई चैत्रात फळायची, हीबी फळती. अन् तो शिंगवाला हिचा भाऊ, त्याला मी विकत नाय."